खोडलेलं ‘मी आहे’

प्रश्न : ताई, अमेरिकन लेखिका ॲलिस वॉकरचं ‘द कलर पर्पल’ नुकतंच वाचून झालं. अख्खी कादंबरी पत्रांतच आहे, सिली आधी देवाला लिहिते, मग बहिणीला, पण तिच्या एकाही पत्राला उत्तर येत नाही. मग ही पत्रं कशासाठी? आणि शुगबरोबरचं, म्हणजे नवऱ्याच्या गायिका प्रेयसीबरोबरचं, तिचं प्रेमाचं नातं वाचताना पटलं, पण का पटलं ते सांगता येईना. माझी मैत्रीण म्हणते ते काढलं असतं तरी गोष्ट तीच राहिली असती.

उत्तर : मैत्रिणीने बहुतेक सिनेमा बघितलाय, हो ना? 1985 साली स्पीलबर्गने केला त्यात हे नातं जेमतेम एका किसवर आटोपलंय. पुस्तकात तसं नाहीये, आणि ते काढलं तर माझ्या मते कादंबरी उरतच नाही. का ते सांगते, पण आधी पत्रांचं.

पहिलं पान परत उघडा. सिली चौदा वर्षांची आहे, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या खेड्यात, ज्याला ती बाप समजते त्यानेच तिच्यावर बलात्कार केलाय आणि देवाशिवाय कुणाला सांगू नकोस, आईचा जीव जाईल असा दम दिलाय. म्हणून ती देवाला लिहिते. म्हणजे ही भक्ती नाहीये हो, बाकी सगळी दारं बंद केल्यावर उरलेला एकच पत्ता आहे तो. आणि तिथे ती लिहिते ‘मी आहे’ आणि खोडते, आणि मग लिहिते की मी कायम चांगली मुलगी होते. ते खोडलेले शब्द पुस्तकात तसेच छापलेत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा घाईत पुढे गेले होते, दुसऱ्यांदा तिथेच थांबले, कारण पुढचं सगळं पुस्तक म्हणजे ते दोन शब्द परत लिहिता येईपर्यंतचा प्रवास आहे असं मला मनापासून वाटतं. देवाला लिहिलेल्या या पत्रांखाली ती सहीसुद्धा करत नाही, आणि नवऱ्याचं नाव लिहायची वेळ आली की नुसतं मिस्टर आणि पुढे रेघ!

आता शुग. सिलीला आत्तापर्यंत शरीर म्हणजे दुसऱ्याने वापरायची वस्तू एवढंच माहीत, नवरा जवळ आला की ती मनाने लाकूड होते. शुग तिच्या हातात आरसा देते आणि स्वतःला बघ म्हणते, आणि सिली लाजत लाजत बघते आणि म्हणते, हे माझं आहे. केवढं साधं वाक्य! पण बाप, नवरा, मुलं, घर यातलं काहीच जिचं नव्हतं तिच्या तोंडून ‘माझं’ हा शब्द आधी शरीराबद्दल येतो, इच्छेच्या वाटेने येतो. हे झाल्याशिवाय ती पुढे नवऱ्याला सोडून निघूच शकली नसती, निदान मला तरी तसंच वाटतं.

आणि बहिणीची, नेटीची, पत्रं शोधायलाही शुगच मदत करते बघा. नवऱ्याने वर्षानुवर्षं ती ट्रंकेत लपवून ठेवलेली, बहीण आफ्रिकेत जिवंत आणि इकडे हिला वाटतंय ती मेली. मारहाणीपेक्षाही मला ही गोष्ट जास्त क्रूर वाटते, कारण तुझं कुणी नाही हे एखाद्या बाईला पटवलं की मग कुलूप लावायचीही गरज पडत नाही. हे कळल्यावर सिली त्याची दाढी करताना वस्तरा हातात घेऊन मागे उभी असते, तो प्रसंग आठवतो ना? शुग तिला आवरते आणि पँट्स शिवायला लावते, वस्तऱ्याच्या जागी सुई. त्या पँट्सचाच पुढे मेम्फिस शहरात तिचा धंदा होतो.

इथूनच मायना बदलतो. देवाला लिहिणं बंद, आता ‘प्रिय नेटी’. ज्या देवाला ती लिहीत होती तो तिच्या डोक्यात दाढीवाला गोरा म्हातारा होता, म्हणजे परत एक पुरुषच, आणि तो ऐकत नाही हे तिला आता कळलंय. घर सोडताना नवरा म्हणतो तू काळी, गरीब, कुरूप, बाई, तू कुणीच नाहीस. ती म्हणते असेन मी तशी, पण मी इथे आहे. पहिल्या पानावर खोडलेलं इथे परत आलं! मग मेम्फिसहून लिहिलेल्या पत्राखाली नाव, धंद्याचं नाव, पत्ता, सगळं येतं.

उत्तर येत नाही हे तुमचं बरोबर आहे, नेटीला लिहिलेली तिची पत्रं तर न उघडताच परत येतात, नेटीची बोट बुडाल्याची तार येते, तरी ती लिहीतच राहते. पोचण्यासाठी लिहिणं आणि लिहिता लिहिता स्वतः उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिचं दुसरं चाललेलं असतं.

1982 चं पुस्तक, पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं, कादंबरीसाठी ते मिळवणारी वॉकर पहिली कृष्णवर्णीय बाई. मैत्रिणीला सिनेमा राहू दे म्हणावं, पुस्तक द्या, आणि शेवटच्या पत्राचा मायना तिला मोठ्याने वाचायला सांगा. त्यात देव परत आलाय, पण तारे, झाडं, आभाळ, माणसं सगळ्यांना सोबत घेऊन.