आक्काला विचारा : विहिणीला सुरतची पैठणी चालेल का?

प्रश्न : आक्का, मुलीचं लग्न वैशाखात आहे. मुलाकडच्यांनी काही मागितलं नाही, पण आहेरात विहीणबाईंना पैठणी द्यायचं ठरलंय. येवल्याची हातमागाची 14,000 सांगतात. नंदुरबारची जाऊ म्हणते, सुरतेहून हुबेहूब तशीच 1,800 ला आणून देते, कोणाला काय कळतंय? आमचे हे म्हणतात, घेऊन टाक. मला मात्र चोरी केल्यासारखं वाटतंय. त्यात धाकटा मोठ्या कंपनीचं चित्र असलेले 700 चे डुप्लिकेट बूट मागतोय.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : माय वं, म्हणे कोणाला काय कळतंय! धुळ्याला आग्रा रोडवर साड्यांच्या दुकानात माझा जन्म गेला. विहिणीला नाही कळलं तर तिच्या नणंदेला कळतं. ती पहिला पदर उलटा करते. हातमागाच्या पैठणीत मोराचा एकेक रंग वेगळ्या कांडीनं हातानं भरतात, म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो. यंत्रमागाच्या साडीला मागून सुटे धागे लोंबतात, कापले तर हाताला खरखर लागते. मागे जाळी लावलेली असेल तर समजून जा.

पण तुमचा प्रश्न पकडलं जाण्याचा नाहीच. सुरतची साडी घेण्यात पाप कसलं? तिकडचे गठ्ठे येतात म्हणून तर आपल्याकडे कितीतरी घरांचा मानपान भागतो. मीही त्या ढिगानं विकल्या, पण यंत्रमागाच्या म्हणून सांगून.

खोट येते ती नावात. 2016 मध्ये जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावायचं. उद्या मुंबईत कोणी कुठलीही वांगी ‘जळगावची’ म्हणून खपवली, तर बामणोद-आसोद्याचे शेतकरी शिव्याच घालतील ना? पैठणीलाही तसंच मानांकन आहे. भारी पदराला विणकराचं घरच्या घर महिनोन्‌महिने मागावर बसतं. ती नक्षी यंत्रावर झटपट उतरवायची आणि वर नावही त्याचंच लावायचं, हे मला पटत नाही.

तेव्हा ऐपत नसेल तर खुशाल 1,800 ची घ्या, पण देताना ‘सेमी पैठणी आहे हो’ म्हणून द्या. तेवढं बोलायला जीभ जड होत असेल, तर भारी पदराचा हट्ट सोडा आणि अरुंद काठाची, साध्या पदराची हातमागाचीच बघा. किंमत कामावर असते, 14,000 च्या खालीही मिळेल. नाहीतर चांगली सुती साडी द्या. विहीणबाई उन्हाळ्यात नेसतील तरी. (पैठणी कपाटातच राहते, हे आपण दोघीही जाणतो.)

बुटांचं म्हणाल, तर त्या 700 रुपयांनी कंपनीचं दिवाळं निघत नाही. खोटा ट्रेडमार्क लावून विकणाऱ्याला कायद्यानं सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे, खोट्या मानांकनालाही तेवढाच. घालणाऱ्या पोराला कोणी धरत नाही. तेवढ्याच पैशात बिनचित्राचे दणकट बूट येतात, ते दाखवून बघा. नाहीच ऐकलं तर फार डोकं लावू नका, त्या वयात चित्राचाच जीव असतो. हेल्मेट किंवा ब्रेकचे लायनर डुप्लिकेट आणायला लागला तर मात्र कान धरा.

येवल्याला गेलात तर सिल्क मार्क बघून हुरळू नका. तो रेशीम खरं असल्याचं सांगतो, मागाचं काही सांगत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. आणि बिलावर ‘हातमाग’ असं लिहून मागा. दुकानदार कां-कूं करायला लागला की चहा अर्धा टाकून उठा.