सरकारच नेमतं, सरकारच पगार देतं, मग न्यायालय स्वतंत्र कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपतींच्या सहीनं, पगार सरकारी तिजोरीतून, मग ते सरकारविरुद्ध निकाल देतीलच कशाला? सगळा देखावाच ना? वकिली करतो म्हणून सांगतो: नेमणूक कोण करतं यापेक्षा नेमल्यावर बदली, बढती आणि गोपनीय अहवाल कोणाच्या हातात आहे, ते आधी बघा.

तालुक्याच्याच गावी बघा. चॅप्टर केस (शांतता राखण्याची हमी घेण्याचं प्रकरण) तहसीलदारांपुढे चालते, कारण ते कार्यकारी दंडाधिकारी. (आयुक्तालय असलेल्या शहरात सहायक पोलीस आयुक्तांपुढे, म्हणजे पकडणारेही पोलीस आणि जामीनदार मागणारेही पोलीस!) त्याच ठाण्याचे फौजदार गुन्ह्यातल्या आरोपीला मात्र चोवीस तासांच्या आत जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) साहेबांपुढे उभं करतात. साहेब आधी आरोपीलाच विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" त्याचं उत्तर नोंदवलं जातं. मग तपास अधिकारी पाच-सात दिवसांचा पीसीआर (पोलीस कोठडी) मागतात. "जप्ती झाली, पंचनामा झाला, आता आरोपी कशाला हवा?" याला धड उत्तर नसेल तर एमसीआर (न्यायालयीन कोठडी), आणि आमचा जामीन अर्ज तयारच असतो.

तहसीलदार माणूस म्हणून कमी असतात असं मुळीच नाही. पण त्यांचे साहेब कलेक्टर आणि बदली शासनाच्या हातात. जेएमएफसींची बदली, बढती, रजा सगळं घटनेच्या कलम २३५ नुसार उच्च न्यायालयाकडे. आमदार कितीही चिडले तरी मंत्रालयातून ती ऑर्डर निघत नाही. कार्यकारी अधिकारी आणि न्यायाधीश यांची ही फारकत आपोआप झालेली नाही. जुन्या मुंबई राज्यानं त्यासाठी १९५१ मध्ये कायदा केला. देशभर ती पक्की झाली १९७३ च्या फौजदारी संहितेनं.

पगाराचं म्हणाल तर उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार संचित निधीवर भारित असतात, म्हणजे त्यावर सभागृहात मतदान होत नाही. काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. १९९३ मध्ये गैरव्यवहाराचे आरोप असलेल्या न्या. रामस्वामींना काढण्याचा प्रस्ताव लोकसभेत पडला, तोही विरोधात एकही मत न पडता. काँग्रेसचे सदस्य तटस्थ राहिले आणि बहुमत भरलं नाही. हे संरक्षण नको त्यालाही मिळतं, हे मान्यच.

पण त्याच संरक्षणामुळे मुंबई उच्च न्यायालयाचे एकटे न्या. लेंटिन १९८२ च्या जानेवारीत सिमेंट प्रकरणात (ट्रस्टला देणग्या घेऊन बिल्डरांना सिमेंट दिल्याचा आरोप) मुख्यमंत्री अंतुल्यांविरुद्ध निकाल देऊ शकले, आणि अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली.

आता दुसरी बाजू. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्याचा, घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही असा, निकाल सरकारला झोंबला आणि लगेच शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून न्या. रे सरन्यायाधीश झाले. तिघांनीही राजीनामे दिले. आणीबाणीत, १९७६ मध्ये, स्थानबद्धाला कोर्टाचं दारही ठोठावता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चौघांनी म्हटलं, एकटे न्या. खन्ना विरोधात गेले. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद त्यांना डावलून न्या. बेग यांना मिळालं. बहुमतातल्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. तो निकाल २०१७ मध्ये चुकीचा ठरवणाऱ्या घटनापीठात त्यांचे चिरंजीव धनंजय होते. कोणाला धडा, कोणाला बक्षीस, हे आख्ख्या न्यायसंस्थेनं पाहिलं.

१९९३ च्या निकालातून कॉलेजियम (ज्येष्ठ न्यायाधीशांचं निवड मंडळ) आलं ते या पार्श्वभूमीवर. बंद दाराआड न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायचे, ही पद्धत मला पटत नाही. तरी २०१५ मध्ये त्याच्या जागी आणलेला न्यायिक नियुक्ती आयोग रद्द झाला तेव्हा हायसं वाटलं, कारण त्यात कायदामंत्री बसणार होते आणि सर्वांत मोठा पक्षकार सरकारच असतं. शिवाय सरकारचा हात अजून सुटलेला नाहीच. कॉलेजियमनं नाव दुसऱ्यांदा पाठवलं तर ते नेमायलाच हवं, पण कधीपर्यंत हे कायद्यात कुठं लिहिलंय? नको असलेल्या नावाची फाईल दिल्लीत पडून राहते, तेवढ्यात ज्येष्ठता जाते, आणि कंटाळून वकील स्वतःच नाव मागे घेतात.

निवृत्तीनंतरच्या नेमणुकांवर कुठल्याच पक्षाचं सरकार बोलत नाही. उच्च न्यायालयातून ६२ व्या, सर्वोच्चमधून ६५ व्या वर्षी उतरलेल्या माणसाला लवाद, आयोग, कधी राज्यपालपद. निदान दोन वर्षं असं काही स्वीकारता येणार नाही, एवढा कायदा झाला तरी पुष्कळ होईल. त्याला घटनेची अडचण मला तरी दिसत नाही.