लहान मुलीला रात्रीच खाज का येते? जंत घरभर पसरतात का?

तुमची ६ वर्षांची मुलगी रात्री शौचाच्या जागी खाजवत उठते म्हणता, तर बहुतेक सूतकृमी नावाचे जंतच असावेत. मादी रात्री बाहेर येऊन तिथल्या कातडीवर अंडी घालते, म्हणून खाज रात्रीची. पोर झोपल्यावर दोनेक तासांनी टॉर्च लावून बघा, सेंटिमीटरभर लांबीचे पांढरे दोऱ्यासारखे जंत हलताना दिसतात. शौचाच्या तपासणीत ते बऱ्याचदा सापडत नाहीत. सकाळी धुण्याआधी तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती डॉक्टरांकडे न्या.

आमच्याकडे जळगावात गोड खाल्ल्याने जंत होतात असं घरोघरी म्हणतात. तसं नाही. अंडी नखांतून तोंडात जातात, चादरीवरही दोन-तीन आठवडे टिकतात. एकाच गोधडीत तिघं झोपली की तिघांनाही होतात, म्हणून औषध सगळ्या घराने एकाच दिवशी घ्यायचं. अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध अंडी मारत नाही, त्यामुळे दोन आठवड्यांनी दुसरा डोस हवाच. शाळेत १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला मिळालेली एक गोळी इथे पुरत नाही. दोन वर्षांखालचं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

अंथरूण घरात झटकू नका, अंडी उडतात. चादरी, चड्ड्या गरम पाण्यात धुऊन खान्देशच्या कडक उन्हात वाळवा. नखं बारीक कापा, सकाळी उठल्या उठल्या अंघोळ घाला. आणि पोरीला रागावू नका, तिचा काही दोष नाही.