रिपीटरमधील खरखर : दोष शोधावा कसा?

प्रश्न : डोंगरावरील आमचा हौशी रेडिओच्या दोन मीटर बँडचा रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेले बोलणे दुसरीवर पुन्हा प्रसारित करणारे केंद्र) दुबळे सिग्नल उचलतो, पण ट्रान्समीटर सुरू होताच ते खरखरीत बुडतात आणि रिपीटर लागत-सुटत राहतो. पावसाळ्यानंतर हा त्रास वाढला आहे. डुप्लेक्सर (ट्रान्समीटर आणि रिसीव्हरला एकच अँटेना वापरू देणारा फिल्टरसंच) पुन्हा ट्यून करावा का? (सातारा)

उत्तर : इतक्यात डुप्लेक्सरच्या स्क्रूंना हात लावू नका. आपल्या रिपीटरला डीसेन्सने ग्रासले आहे, म्हणजे त्याचाच ट्रान्समीटर त्याच्या रिसीव्हरला बहिरा करतो आहे. ५० वॅटचा ट्रान्समीटर आणि पाव मायक्रोव्होल्टचा सिग्नल ऐकू पाहणारा रिसीव्हर अवघ्या ६०० किलोहर्ट्झच्या अंतरावर एकाच अँटेनावर काम करतात. दोन्ही शक्तींत सुमारे १६६ डेसिबलचा फरक असतो. म्हणूनच डुप्लेक्सरकडून साधारण ८५ ते ९५ डेसिबल विलगता लागते.

डुप्लेक्सरच्या अँटेना पोर्टवर आधी डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती शोषून घेणारा रोध) लावा, रिसीव्हरच्या वाटेत कपलरमधून सिग्नल जनरेटरचा दुबळा सिग्नल सोडा आणि ट्रान्समीटर बंद असताना व चालू असताना १२ डीबी सिनाडसाठी (खरखरीच्या तुलनेत आवाज किती स्पष्ट आहे, याचे माप) किती सिग्नल लागतो ते नोंदवा. डमी लोडवरही फरक पडत असेल, तर दोष डुप्लेक्सरमध्ये किंवा आतल्या जोडकेबलींमध्ये आहे. तिथे फरक नसेल आणि अँटेना जोडल्यावर तो दिसत असेल, तर टॉवरवर चढावेच लागेल.

पावसाळ्याचा उल्लेख पाहता माझा संशय दुसऱ्या शक्यतेवर आहे. अँटेनाजवळचा कनेक्टर उघडून पाहा : पिनेभोवती हिरवट थर आणि काळवंडलेली जाळी दिसली, तर पाणी शिरले आहे आणि ती केबल पुसून, वाळवून पुन्हा भरवशाची होत नाही. नव्या कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप, तिच्यावर विनाइल टेप गुंडाळा आणि केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्या. ॲल्युमिनियमची फॉइल आणि कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची जाळी असलेली केबल रिपीटरला वापरू नये. या दोन धातूंच्या सैल स्पर्शातूनच खरखर जन्मते.

प्रश्न : आमच्या गच्चीवर इतरांचेही ट्रान्समीटर आहेत. मध्येच परके बोलणे ऐकू येई, म्हणून टोन स्क्वेल्च (ठरलेला सूक्ष्म टोन असलेलेच सिग्नल ऐकू देणारी सोय) लावला. आता ते ऐकू येत नाही, पण आमचेच सदस्य तुटक ऐकू येतात. (ठाणे)

उत्तर : टोनने आवाज झाकला जातो, इंटरफेरन्स जागच्या जागीच राहतो आणि दुबळ्या सिग्नलला दाबतो. हे बहुधा इंटरमॉड्युलेशन, म्हणजे दोन सिग्नलांच्या मिश्रणातून तिसरीच फ्रिक्वेन्सी तयार होणे, असावे. उदाहरणार्थ, आपले आउटपुट १४५.६५० मेगाहर्ट्झ असेल आणि शेजारी १४६.२५० वर प्रसारण असेल, तर पहिल्याच्या दुपटीतून दुसरे वजा केले की नेमके आपले इनपुट, १४५.०५०, मिळते. रिसीव्हरच्या वाटेत ३ डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) लावा. परका सिग्नल सुमारे ९ डेसिबलने घसरला, तर मिश्रण रिसीव्हरमध्येच होत आहे आणि कॅव्हिटी फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच आत येऊ देणारी धातूची पोकळ नळी) उपयोगी पडेल. तो ३ डेसिबलनेच घसरला, तर मिश्रण बाहेरच, एखाद्या ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यात किंवा गंजलेल्या जोडात, होत आहे. आपल्याच फ्रिक्वेन्सीवर आलेला हा सिग्नल आपल्या फिल्टरने अडणार नाही. तेव्हा शेजाऱ्यांशी बोलून दोन्ही ट्रान्समीटरना आयसोलेटर (बाहेरचा सिग्नल उलट आत शिरू न देणारा भाग) बसवा आणि गंजलेल्या क्लॅम्प बदला.

प्रश्न : खरखर फक्त दिवसा येते. रिपीटर सौरऊर्जेवर चालतो. (रत्नागिरी)

उत्तर : पॅनेलमधून बॅटरी भरणारा चार्ज कंट्रोलर तपासा. भर उन्हात पॅनेल झाकून रिपीटर केवळ बॅटरीवर चालवा. खरखर थांबली, तर उगम सापडला. पॅनेलच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन फेराइटच्या (खरखर रोखणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यातून न्या, कंट्रोलर धातूच्या पेटीत ठेवा आणि तरीही आवाज राहिला, तर कंट्रोलरच बदला.