निम्म्या निम्म्या गोळ्या

तासगावहून एकीचं पत्र आलंय. नवरा ट्रकवर, द्राक्षाच्या सीझनला महिना महिना बाहेर. परत आला तेव्हा लघवीला जळजळ, पू. मेडिकलमधून दहा गोळ्या आणल्या, ‘त्या आम्ही निम्म्या निम्म्या घेतल्या’. त्याचं थांबलं. हिच्या अंगावरून अजून जातंय, ओटीपोट दुखतंय. रिकामं पाकीट हिनं ट्रंकेत साड्यांखाली ठेवलंय, मोठ्या दिरांना दाखवायला. विचारते, हे कुठून आणलं ते त्याच्याकडून कसं वदवून घेऊ?

अगं पोरी, चार पानांत मी अडकले ती ‘निम्म्या निम्म्या’वर. भाकरीचा चतकोर मोडून द्यावा तशा गोळ्या वाटल्यात! अर्ध्या डोसानं पू थांबतो, जंतू मरेलच असं नाही. उलट पुढं तेच औषध त्याला लागू पडेनासं होतं. जुनी माणसं ज्याला परमा म्हणायची, तो गनोरिया बाईच्या अंगात कित्येकदा गुपचूप राहतो आणि वर गर्भनलिकांपर्यंत चढतो. तुझं पोट दुखतंय ते याचंच असू शकतं. तू दुसऱ्या मुलाचं म्हणतेस ना? मग नलिका सुजून बंद व्हायची वाट बघत बसू नकोस. आणि तू पुरावे गोळा करत बसलीयस, याचा मला राग येतो. कुणाकडून कुणाला, कधी लागलं, हे तपासणीत कळत नाही. भांडण नंतर कर, पोटभर कर.

ते पाकीट ट्रंकेतून काढ नि पर्समध्ये टाक. दिरांना नाही, डॉक्टरांना दाखवायचं. कुठलं औषध अर्धवट पोटात गेलंय ते त्यांना कळू दे. सोमवारी नवऱ्याला घेऊन सांगलीच्या सिव्हिलला जा, सुरक्षा क्लिनिक विचार, तिथं गुप्तरोगांवरच उपचार करतात. एकटी जाऊ नकोस. तू बरी झालीस तरी त्याच्याकडून पुन्हा तेच घेशील. एचआयव्ही आणि गरमी, म्हणजे सिफिलिस, यांसाठी दोघांचं रक्त तपासून घ्या. पैसे पडत नाहीत, आणि एचआयव्हीचा रिपोर्ट गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्यानं त्यांच्यावर बंधनकारक आहे. लागण नवी असेल तर पहिल्या तपासणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतील, तेव्हाही जा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत जवळ येणं बंद. त्यानंतरही, तो बाहेरगावी जातोय तोवर निरोधशिवाय नाही. लाज वाटली तर आधी 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन कर, फुकट आहे.

आणि केसपेपर दोन काढायचे. एक त्याचा, एक तुझा.