‘पैशाचं मी बघतो’ म्हणणारे वडील

अकरावी-बारावीच्या मुलांचे पालक हल्ली माझ्याकडे समुपदेशनासाठी एकच काळजी घेऊन येतात. मुलगी हुशार आहे, परदेशात शिकायचं म्हणते, आपली ऐपत नाही. नाही म्हणावं तरी कसं? अशा अनेक घरांपैकी एक इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सोलापूरच्या पूर्व भागातलं कुटुंब. खाली टॉवेलचे यंत्रमाग, वर राहतं घर. अकरावीतल्या मुलीने वहीत अमेरिकेतल्या कॉलेजांची यादी केली होती, रँकिंगप्रमाणे. तिला झोप लागत नव्हती, चाचणीत मार्क घसरले होते. वडील मात्र ठाम होते.

“मॅडम, तिला सांगितलंय, तू अभ्यास कर, पैशाचं मी बघतो.”

“कसं बघणार?”

“घर आहे की. गहाण टाकू.”

मुलीने मान खाली घातली. पुढच्या वेळी ती एकटी आली तेव्हा म्हणाली, “पप्पा हो म्हणतात, पण रात्री आईशी सुताच्या उधारीचंच बोलत असतात. मला ऐकू येतं.”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. काळजीच्या मुळाशी कोणता हट्टी विचार ठाण मांडून बसलाय, ते आधी शोधायचं. इथे तो मुलीच्या नाही, वडिलांच्या मनात होता: चांगला बाप मुलीला पैशासाठी अडवत नाही. हा विचार हलल्याशिवाय कॉलेजांची चर्चा करण्यात काहीच अर्थ नव्हता.

मग तिघांना एकत्र बसवलं आणि वडिलांसमोर कोरा कागद ठेवला. “घर गहाण न टाकता, धाकट्याचं शिक्षण न अडवता, वर्षाला किती देऊ शकाल? फक्त आकडा लिहा.”

ते बराच वेळ पेन फिरवत राहिले. मोबाइलवर हिशेब केला, पुसला, पुन्हा केला. वीजबिल, कामगारांचा आठवड्याचा पगार, सूतवाल्याचं देणं. शेवटी लिहिलं, ‘3 लाख’. आणि मुलीकडे न बघता म्हणाले, “हे सांगितलं असतं तर तुझं मन मोडलं असतं.”

मुलीने कागद ओढून घेतला. “पप्पा, मला वाटत होतं तुमच्याकडे काहीच नाही.” मग वही उघडून तिने स्वतःच नावांवर काट मारायला सुरुवात केली. मी एक शब्दही बोलले नाही. आकडा समोर आला आणि तिची भीती उतरली. इतकी वर्षं मी हेच सांगत आलेय: मुलांना गरिबीपेक्षा घरातल्या मोघमपणाची धास्ती जास्त असते.

आता त्या आकड्याचं करायचं काय, ते सांगते. अमेरिकेतल्या नामवंत खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च 80 हजार डॉलरच्या वर जातो. तो वाचून घाबरू नका, पण निवांतही होऊ नका. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशा मोजक्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली म्हणून त्याचा प्रवेश अडत नाही, आणि घरची गरज ठरवून तेवढी मदत मिळते. मात्र तिथे प्रवेश मिळणंच महाकठीण. बाकी बहुतेक कॉलेजांत मदतीची मागणी प्रवेश ठरवताना विचारात घेतली जाते. तरीही ती लपवू नका. सुरुवातीला मागितली नाही तर पुढे मिळत नाही, असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. केंटकीतलं बेरिया कॉलेज तर शिकवणी फी घेतच नाही. मुलांना तिथे कॅम्पसवर काम करावं लागतं.

‘स्कॉलरशिप मिळाली’ एवढ्यावर पेढे वाटू नका. 60 हजारांच्या खर्चात 20 हजार सुटले तरी 40 हजार डॉलर दरवर्षी भरायचेच असतात. किती सुटले यापेक्षा किती भरायचे ते बघा, आणि चारही वर्षांचं बघा.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना सत्राला 1500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही आता फी लावली आहे. व्हिसासाठी वर्षाच्या राहण्या-खाण्याचे 11,904 युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. नुसत्या बारावीवर पदवीला थेट प्रवेश सहसा मिळत नाही. इथे एक वर्ष पदवीचं शिक्षण किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पार केलेली लागते, नाहीतर तिथला पूर्वतयारीचा अभ्यासक्रम. पदवीचे वर्गही बहुतेक जर्मनमध्येच असतात.

शिवाय बारावीनंतरच जायला हवं असं कुठे आहे? पदव्युत्तर शिक्षणासाठी 1892 पासूनची जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जरूप शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

बारावीत त्या मुलीने मदत देणाऱ्या मोजक्या कॉलेजांत अर्ज केले. एका ठिकाणाहून होकार आला, पण मदत धरूनही वर्षाला 15 लाख कमी पडत होते. वडिलांचा पुन्हा फोन. “मॅडम, एवढं मोठं नाव आहे. घराचं बघू का?” मागून मुलीचा आवाज आला, “पप्पा, 3 लाख ठरलंय.” ती सध्या सोलापुरातच बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, जर्मनचा क्लास लावलाय, आणि बँकेत तिच्या नावाने उघडलेल्या खात्यात वडील दर महिन्याला 25 हजार भरतात.