‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ परंपरेला मराठीत काय म्हणावे?

अमेरिकेत मिशिगन राज्यातील मेकोस्टा या लहानशा गावी विचारवंत रसेल कर्क यांच्या नावाने एक केंद्र चालते. त्याची ओळख मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाचे वाक्य असे आहे : ‘सांस्कृतिक पुनरुज्जीवनासाठी पुराणमतवादी वैचारिक परंपरेचे जतन आणि हस्तांतरण करणे हा या केंद्राचा उद्देश आहे.’ ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’साठी योजलेला ‘पुराणमतवादी’ हा शब्द येथे खटकतो, मग दुसरा कोणता वापरावा, असे त्यांनी विचारले आहे. माझ्या मते ‘पुनरुज्जीवन’ आणि ‘हस्तांतरण’ हे शब्दही बदलायला हवेत.

‘पुराण’ या विशेषणाचा संस्कृतातील अर्थ ‘जुने’ एवढाच आहे. परंतु आपण कंटाळवाण्या बोलण्याला ‘पुराण लावले’ म्हणतो आणि उपयोगात न आणलेल्या उपदेशाला ‘पुराणातली वांगी पुराणात’ म्हणतो, त्यामुळे ‘पुराणमतवादी’ म्हणताक्षणी त्या माणसाविषयी निकाल देऊन झालेला असतो. ‘प्रतिगामी’ तर उघडच आरोपाचा शब्द आहे. ‘सनातनी’ हा शब्द एकोणिसाव्या शतकातील सुधारणेच्या वादात घडला, त्याला धर्मशास्त्राचा संदर्भ आहे आणि तो मिशिगनपर्यंत नेता येत नाही. शिवाय ‘सुधारक’ आणि ‘सनातनी’ ही आपली जोडी या विचाराला नीट बसतही नाही. भूतकाळाशी नाते तोडून सुधारणा होत नाही, असे मानणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांना आपण सुधारकांतच गणतो.

ब्रिटनमधील कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षासाठी मराठी वृत्तपत्रांनी ‘हुजूर पक्ष’ हे नाव रूढ केले. ‘मजूर पक्षा’शी ते यमकात जुळते आणि पुण्याच्या हुजूरपागेमुळे तो शब्द आपल्या कानाला परकाही नाही. पक्षापुरते ते नाव उत्तम आहे आणि ते टिकावे असे मला मनापासून वाटते. मात्र ‘हुजूर विचारपरंपरा’ असे कोणी लिहिणार नाही.

विचारासाठी शब्द निवडताना तो विचार मांडणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवावा. या परंपरेचा आरंभ सहसा अठराव्या शतकातील ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांच्यापासून धरतात. फ्रेंच राज्यक्रांतीवर त्यांनी 1790 मध्ये कठोर टीका केली. पण याच बर्क यांनी अमेरिकन वसाहतींच्या तक्रारी उचलून धरल्या होत्या आणि हिंदुस्थानातील कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर ब्रिटिश संसदेत 1788 पासून 1795 पर्यंत जो महाभियोग चालला, त्याचे ते प्रमुख अभियोक्ते होते. समाज म्हणजे हयात असलेली, होऊन गेलेली आणि अजून जन्माला यायची अशा तिन्ही पिढ्यांची भागीदारी होय, असे ते म्हणत. असे म्हणणाऱ्याला ‘जुन्या मतांना चिकटून बसणारा’ ठरवणारा शब्द मला मान्य करता येत नाही.

उरतात ‘परंपरावादी’ आणि ‘परंपरानिष्ठ’. मी दुसरा निवडतो आणि त्याचे कारण खुद्द कर्क यांच्या म्हणण्यात आहे. 1953 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने त्यांनी ही परंपरा बर्क यांच्यापासून विसाव्या शतकापर्यंत जोडून दाखवली, परंतु ती एखादी बंदिस्त विचारप्रणाली आहे हे त्यांनी सातत्याने नाकारले. ज्या विचाराला आपण ‘वाद’ नाही असे सांगायचे आहे, त्याच्या नावाला ‘वादी’ लावणे बरोबर नाही. ‘निष्ठे’त जिव्हाळा आहे, सिद्धान्ताचा हट्ट नाही. ‘परंपरानिष्ठ वैचारिक परंपरा’ म्हटले की ‘परंपरा’ दोनदा येते, म्हणून ‘परंपरानिष्ठ विचारधारा’ म्हणावे. आपल्याकडे ‘परंपरा’ म्हटल्यावर सणवार आणि कुळाचार आठवतात, तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘पाश्चात्त्य’ हे विशेषण जोडावे.

‘हस्तांतरण’ हा शब्द जमिनीच्या व्यवहाराचा आहे आणि तो वाचताना सातबारा व फेरफार डोळ्यांपुढे येतात. खरे तर ‘ट्रॅडिशन’च्या लॅटिन मुळाशी देण्याचा अर्थ असलेला जो धातू आहे, त्याचाच सगोत्र असा ‘दा’ धातू आपल्या ‘संप्रदाय’ शब्दात आहे. सम्, प्र आणि दा, म्हणजे नीट पुढे देणे. दुर्दैवाने मराठीत तो शब्द पंथापुरता उरला आहे. म्हणून ‘पुढच्या पिढीच्या हाती सोपवणे’ असे साधे लिहावे.

‘पुनरुज्जीवन’ म्हटले की आधी मरण गृहीत धरावे लागते आणि ‘नूतनीकरण’ परवान्याचे होते. येथे आपला ‘जीर्णोद्धार’ हा शब्द हवा. गावच्या देवळाच्या मंडपातला सागवानी खांब बुडाशी कुजला, की तुळईला टेकू देतात, कुजलेला खांब काढून त्याच मापाचा नवा बसवतात आणि या साऱ्या काळात गाभाऱ्यातली रोजची पूजा खंडत नाही. बदलाची सोय नसलेल्या राज्याजवळ स्वतःला टिकवण्याचीही सोय नसते, या बर्क यांच्या प्रसिद्ध विधानाचा आशय या एका शब्दात मला पुरा सापडतो. ‘जतन’ मात्र ठेवावा. तो ‘यत्न’ या शब्दापासून आला आहे आणि नुसते कुलूपबंद ठेवण्यापेक्षा त्यात रोजची काळजी अधिक आहे.

तेव्हा वाक्य असे करावे : ‘पाश्चात्त्य परंपरानिष्ठ विचारधारेचे जतन करून ती पुढच्या पिढीच्या हाती सोपवणे आणि त्यातून संस्कृतीचा जीर्णोद्धार घडवणे, हा या केंद्राचा उद्देश आहे.’